महाशब्दे : एका विरळ आडनावाचा मागोवा



मागच्या वर्षीच्या स्मरणिकेत वर्गणीदारांची यादी छापून आली, तेव्हा आपल्या मंडळात जे रामायण झाले ते बऱ्याच जणांना आठवत असेल. छपाई इथल्याच एका छापखान्यात झाली आणि तिथल्या हिंदी ऑपरेटरकडे 'ळ' नव्हता. त्यामुळे काळे 'काले' झाले, धुमाळ 'धुमाल' झाले, साळवी 'सालवी' झाले आणि टिळक तर थेट 'तिलक' लावून बसले. एका ज्येष्ठ सभासदांनी आरतीनंतर सर्वांसमक्ष विचारले, "पावती फाडताना नाव बरोबर लिहिता, मग छापताना त्याला काय होते?" प्रश्न रास्त होता. कार्यकारिणीने त्यावर तोडगा काढला तो असा, की यंदा यादीचे प्रूफ मी तपासावे. कारण काय, तर मी रेल्वेत पी-वे खात्यात सीनियर सेक्शन इंजिनियर. रुळातला दोन मिलिमीटरचा फरक ज्याला दिसतो, त्याला अक्षरातला का दिसू नये!

मी डिप्लोमा करून नोकरीला लागलेला माणूस. आजवर तपासणीचे रिपोर्ट सोडून फारसे काही लिहिलेले नाही. पण या प्रुफाच्या निमित्ताने एक गोष्ट मनात घर करून बसली, ती आपल्यापुढे मांडावी म्हणून हा प्रपंच.

झाले असे, की ते प्रूफ घरी आणले तेव्हा आई नुकतीच गावाहून सीतापुऱ्यात आली होती. तिने चष्मा लावून सगळी यादी मोठ्याने वाचली. जोशी, पाटील, जाधव, देशपांडे, आम्ही कुलकर्णी. कुलकर्णींची तर आपल्याकडे वाणच नाही. शेवटचे नाव वाचून झाल्यावर ती म्हणाली, "एवढ्यांत महाशब्दे एकही नाही रे?"

महाशब्दे हे माझ्या आईचे माहेरचे आडनाव. आजोळ माळव्यातले, देवासजवळचे. आजोबांना तीन मुली, मुलगा नाही. तिघींची लग्ने झाली आणि त्या घरातले ते आडनाव संपले. आजोबा गेल्यावर घर विकले गेले. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, डिप्लोमाच्या प्रमाणपत्रावर, नोकरीच्या सेवापुस्तकात, कुठेही हे आडनाव नाही. आयुष्यात मला ते फक्त एका ठिकाणी विचारले गेले. बँकेने खाते सुरक्षित ठेवण्यासाठी गुप्त प्रश्न विचारला होता, आईचे माहेरचे आडनाव काय? ज्या आडनावाचा कुठे उपयोग उरला नाही, ते कुलूप म्हणून कामाला आले. (आता इथे छापून येणार म्हणून मी ते उत्तर बदलले आहे. तरी कोणी प्रयत्न करू नये!)

आईच्या प्रश्नाला मी "नाही" एवढेच उत्तर दिले. पण मग मनात आले, महाशब्दे आहेत तरी किती? आणि हे असे आडनाव आले तरी कुठून?

आधी शब्द पाहू. 'महाशब्द' हा शब्द आपल्याकडच्या जुन्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत वारंवार येतो. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार, गोव्याचे कदंब अशा घराण्यांतले मांडलिक राजे स्वतःला 'समधिगतपंचमहाशब्द' म्हणवीत. म्हणजे ज्याला पाच महाशब्द मिळाले आहेत असा. हे पाच शब्द म्हणजे पाच वाद्यांचा नाद. शिंग, तम्मट, शंख, भेरी आणि जयघंटा ही त्यांची एक प्रसिद्ध यादी. ही वाद्ये आपल्यापुढे वाजवून घेण्याचा मान सार्वभौम राजा मांडलिकाला देत असे. काश्मीरच्या राजतरंगिणीत मात्र याचा अर्थ वेगळा लागतो. तिथे ज्या पदांच्या नावामागे 'महा' लागते, अशी दरबारातली पाच मोठी पदे या शब्दाने सांगितली आहेत. वाद्य असो की पद, शब्द मानाचा आहे. मात्र शब्द जुळला म्हणून वंश जुळत नाही. आडनावात 'महाशब्द' आहे एवढ्यावरून कोणी शिलाहारांचा वारस ठरत नाही. आमच्या आजोबांकडे वाजवायला एक देवघरातली घंटा होती, तेवढीच.

आता संख्या. मला वाटले, हे सोपे आहे. आपल्याकडे १८८१ पासून दर दहा वर्षांनी एकाच वेळी देशभर शिरगणती होत आली. २०२१ ची तेवढी लांबली आणि आता ती २०२७ ची म्हणून जाहीर झाली आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख निघाले. मग त्यांत महाशब्दे किती, हेही कुठेतरी असणार! पण तसे नाही. प्रगणक घरी येऊन प्रत्येकाचे नाव लिहून घेतो, तरी आडनावांचा तक्ता आपल्या जनगणनेत काढला जात नाही. आणि मूळ कागद १९४८ च्या जनगणना कायद्याने गोपनीय आहेत, ते कोणाला पाहता येत नाहीत.

अमेरिकेत असा तक्ता काढतात. तिथल्या २०१० च्या गणनेत शंभर किंवा अधिक माणसांनी लावलेली १,६२,२५३ आडनावे निघाली. पहिला नंबर स्मिथचा, २४ लाख ४२ हजारांहून अधिक. आणि आपले पटेल तिथे सुमारे २ लाख ३० हजार! शंभराच्या आतले आडनाव मात्र त्या यादीत येत नाही. म्हणजे जे खरोखर विरळ आहे, ते तिथेही यादीबाहेरच.

आपल्याकडे नावांची मोजणी करायला गेले की काय होते, याचा एक नमुना महाराष्ट्राचाच आहे. २०११ साली जी सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना झाली, तिच्या आकडेवारीसाठी महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्यावर केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये प्रतिज्ञापत्र दिले. १९३१ च्या जनगणनेत देशात ४,१४७ जाती नोंदल्या होत्या. २०११ च्या या गणनेत ४६ लाखांहून अधिक नावे आली. एकट्या महाराष्ट्रात १० कोटी ३० लाख लोकांमागे ४,२८,६७७ वेगवेगळी नावे, आणि त्यांतल्या ९९ टक्क्यांहून अधिक नावांखाली शंभर माणसेसुद्धा नाहीत. कारण उघड आहे. कोणी जात सांगितली, कोणी पोटजात, कोणी गोत्र, कोणी आडनाव. शिवाय एकच नाव दहा प्रगणकांनी दहा तऱ्हांनी लिहिले. आपल्या यादीत 'ळ' चा 'ल' झाला तोच प्रकार, फक्त कोटींच्या हिशेबात. काळे आणि काले हे दोन वेगळे मोजले गेले, की दोघांचीही संख्या चुकली.

दुसरी साधने आहेत, पण तीही लंगडी. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत फोन कोणाच्या नावावर आहे तेवढेच कळे, आणि तो बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर असे. मतदार यादीत अठराच्या आतले नाहीत. पूर्वी डब्यांवर आरक्षणाचे तक्ते चिकटवीत, तेव्हा मुंबई-पुण्याच्या गाडीला जयपूर स्टेशनवर मी ते वाचत उभा राहत असे. आपल्याकडचे कोणी आले का, एवढ्यासाठीच. त्यात एकच माणूस महिन्यातून चारदा भेटायचा! या तक्त्यांवर इतकी वर्षे नजर टाकूनही महाशब्दे मला एकदाही भेटला नाही, एवढे मात्र सांगू शकतो.

संख्या सापडत नाही म्हणून मी उलट बाजूने विचार केला. आडनाव विरळ का होते? आणि इथे मला माझ्या धंद्याला शोभेल असा हिशेब सापडला.

हा प्रश्न इंग्लंडमध्ये दीडशे वर्षांपूर्वी पडला होता. मोठमोठ्या घराण्यांची नावे नाहीशी होत होती आणि लोक म्हणत, या बड्या घरांत काही तरी खोट असली पाहिजे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ मध्ये एका शैक्षणिक नियतकालिकात हा प्रश्न गणित म्हणून घातला. हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्याने त्याचे उत्तर काढले आणि १८७४ मध्ये दोघांनी मिळून निबंध सादर केला. फ्रान्समध्ये बिएनेमे यांनी १८४५ सालीच हा विचार केला होता, पण त्याकडे लक्ष गेले नव्हते.

हिशेब असा. समजा शंभर घरे आहेत, प्रत्येकाचे आडनाव वेगळे. पुरुषाला एकही मुलगा नसण्याची शक्यता चारांत एक, एक मुलगा असण्याची चारांत दोन आणि दोन मुलगे असण्याची चारांत एक. म्हणजे सरासरी बरोबर एक मुलगा. लोकसंख्या वाढतही नाही, घटतही नाही. कोणाच्या घरात खोट नाही, कोणावर कोणाचा शाप नाही. तरी पहिल्याच पिढीत शंभरातली २५ आडनावे संपतात. दुसऱ्या पिढीअखेर ३९, तिसऱ्या पिढीअखेर ४८, पाचव्या पिढीअखेर ६० आणि दहाव्या पिढीअखेर ७४. ज्यांना पडताळायचे असेल त्यांनी शून्यापासून सुरुवात करावी. आकड्यात एक मिळवायचा, त्याचा वर्ग करायचा आणि चाराने भागायचे. आलेले उत्तर पुन्हा याच गिरणीत घालायचे. मी हे तपासणीच्या वहीच्या मागच्या पानावर केले.

दहा पिढ्या म्हणजे साधारण तीनशे वर्षे. तेवढ्यात शंभर आडनावांतली सव्वीसच उरतात, पण घरे सरासरी शंभरच राहतात. म्हणजे उरलेल्या प्रत्येक आडनावाची सरासरी चार घरे झाली. विरळ ते आणखी विरळ आणि दाट ते आणखी दाट. आमच्या भाषेत सांगायचे तर एका घराचे आडनाव म्हणजे सिंगल लाइन. एका ठिकाणी अडले की सगळा सेक्शन बंद. वॉटसन यांनी यावरून असा निष्कर्ष काढला होता, की सगळीच आडनावे शेवटी नष्ट होणार. ती त्यांची चूक होती. सरासरी एका मुलाहून जास्त असेल तर काही नावे कायम टिकू शकतात, हे डेन्मार्कच्या स्टेफेन्सन यांनी १९३० मध्ये नीट मांडले.

जगाकडे पाहिले तर हिशेब बराचसा पटतो. दक्षिण कोरियात आडनावे फार जुनी. २०१५ च्या गणनेत तिथे किम आडनावाचे १ कोटी ७ लाखांच्या आसपास लोक होते, म्हणजे पाच माणसांत एकाहून अधिक. उलट जपानात सर्वसामान्य माणसाला आडनाव लावणे १८७५ मध्ये सक्तीचे झाले. नावे नवी, म्हणून तिथे विविधता पुष्कळ.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे आडनावाचा उगम. कुलकर्णी हा गावोगावचा हुद्दा. प्रत्येक गावात एक कुलकर्णी, म्हणजे हे आडनाव एका ठिकाणी नव्हे, हजारो ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू झाले. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली कुलकर्णी वतने गेली, आडनाव मात्र राहिले. तेव्हा आम्ही सगळे कुलकर्णी एकमेकांचे भाऊबंद नाही, हे लक्षात असू द्यावे. वर्गणी मागताना गोष्ट वेगळी! जे आडनाव एखाद्याच घरापासून निघते, त्याच्या वाट्याला मात्र गाल्टनसाहेबांचा हिशेब पहिल्या दिवसापासून येतो.

पण या हिशेबाबाहेरचे आणखी एक कारण आहे. वंश चालू असतो आणि आडनावच बदलते. पेशव्यांचे आडनाव भट. पेशवा हा हुद्दा. नाना फडणवीसांचे आडनाव भानू. इतिहासात भानू म्हणून त्यांना कोण ओळखतो? आपल्या सीतापुऱ्यावरून जो टोंक रोड जातो, त्या टोंकला १८५८ च्या जुलैमध्ये तात्या टोपे फौज घेऊन आले होते. जयपूरची वाट इंग्रजांनी अडवली म्हणून ते तिकडे वळले. त्यांचे घराणे येवल्याचे, आडनाव येवलेकर. 'टोपे' कसे आले याच्या दोन हकिगती आहेत. कोणी सांगतात दुसऱ्या बाजीरावांनी दिलेल्या टोपीवरून, कोणी सांगतात तोफेवरून. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला त्यांना फाशी झाली ती टोपे म्हणूनच. मोठे काम केले की कामाचे नाव चिकटते आणि घराचे नाव मागे पडते.

आणि इथेच मला, ध्यानीमनी नसताना, महाशब्दे सापडले. तेही थेट जयपुरात.

आपल्यापैकी अनेकांना वाटते की जयपूरला मराठी माणूस नोकरीच्या निमित्ताने आला, म्हणजे रेल्वे, बँका, रीकोचे कारखाने आणि कॉलेजे आल्यावर. त्याआधीचे मराठे म्हणजे चौथाईला आलेले घोडेस्वार. पण त्याहूनही आधी इथे पोथी घेऊन आलेले मराठी लोक होते. सवाई जयसिंगांचे गुरू रत्नाकरभट्ट हे काशीत राहणारे महाराष्ट्रीय ब्राह्मण. वडिलांचे नाव देवभट्ट, गोत्र शांडिल्य, आणि घराण्याचे नाव महाशब्दे! त्यांनी जयसिंगांच्या आज्ञेने 'जयसिंहकल्पद्रुम' हा व्रते, तिथी आणि सणवारांचा मोठा ग्रंथ लिहिला. तो १७१३ चा. तेव्हा राजधानी आमेर होती. जयपूरचा पाया घातला गेला १८ नोव्हेंबर १७२७ रोजी, म्हणजे पुढे चौदा वर्षांनी. जयसिंगांनी अश्वमेध केला, त्याविषयीचे पुरावे पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी जुन्या पोथ्यांतून गोळा केले आहेत. या सगळ्या यज्ञयागांच्या काळातले हे घराणे.

मग हे महाशब्दे गेले कुठे? तर रत्नाकरभट्टांनी 'पौंडरीक' नावाचा यज्ञ केला. अकरा दिवस चालणारा तो सोमयाग. त्यावरून त्यांना पौंडरीक म्हणू लागले आणि घराण्याला तेच नाव लागले. त्यांच्याच बरोबरीचे दुसरे महाराष्ट्रीय पंडित म्हणजे जगन्नाथ सम्राट. त्यांनी अरबी-फारसी शिकून युक्लिडची भूमिती १७१८ मध्ये अरबीवरून संस्कृतात आणली. ग्रंथाचे नाव 'रेखागणित'. आपली मुले इथल्या शाळेत भूमितीला रेखागणित म्हणतात तेव्हा आपल्याला खटकते; त्या नावाचा ग्रंथ लिहिणारा मराठी माणूस होता, हे त्यांना जरूर सांगावे. टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथावरून त्यांनी १७३२ मध्ये 'सम्राट सिद्धांत' केला. सम्राट ही पदवी. शतपथ ब्राह्मणात वाजपेय यज्ञ करणाऱ्याला सम्राट म्हटले आहे. इथेही पदवी उरली आणि घरचे नाव मागे पडले. ब्रह्मपुरीजवळचे सम्राट गेट आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

हे सगळे आईला सांगितले. ती लगेच म्हणाली, "चल मग, बघून येऊ." एका रविवारी सकाळी आम्ही टोंक रोडने निघालो, परकोट्यातून पुढे ब्रह्मपुरीत पोहोचलो. तिथे ती हवेली आहे. तिच्या एका दालनातली जुनी भित्तिचित्रे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संरक्षित केलेली आहेत. पण लोक तिला म्हणतात 'पुंडरीक की हवेली'. पौंडरीक हे यज्ञाचे नाव, पुंडरीक म्हणजे कमळ. म्हणजे महाशब्द्यांचे झाले पौंडरीक आणि पौंडरीकांचे झाले पुंडरीक. प्रूफ तपासणारा तिथेही कोणी नव्हता!

आई थोडा वेळ त्या भिंतीकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "एवढी मोठी माणसं, राजाचे गुरू. आडनाव नाही सांभाळता आलं होय त्यांना?"

मी तिला विचारले, "आई, तुझ्या माहेरचं गोत्र कोणतं गं? शांडिल्य असेल तर काही धागा लागेल."

ती म्हणाली, "गोत्र लग्नात बदललं. आता तुमचंच."

यावर मला काही बोलता आले नाही. मी इतके दिवस जो हिशेब करत होतो, त्यात मुली धरलेल्याच नव्हत्या. गाल्टनसाहेबांनीही धरल्या नव्हत्या. एक मुलगा, दोन मुलगे, शून्य मुलगे. माझे आजोबा त्या हिशेबात शून्य. पण आजोबांच्या तीन मुलींना मिळून आम्ही सात मुले आहोत. एक रेल्वेत, एक शिक्षिका, एक शेती पाहतो. आजीच्या हातची वरणफळे आमच्या घरी अजून होतात, आजोबांची गणपती बसवण्याची पद्धत आम्ही तशीच पाळतो. संपले ते आडनाव, घर संपले नाही. आणि ते आडनाव संपले म्हणून ती तिघींपैकी कोणाची चूक नव्हती. आजोबांना लोक "नाव कोण चालवणार" असे तोंडावर म्हणत, हे आईने त्या दिवशी परत येताना गाडीत मला पहिल्यांदा सांगितले. चारांत एक एवढ्या साध्या शक्यतेची गोष्ट. तिच्यापायी एका माणसाने जन्मभर ऐकून घेतले.

इतिहासात एक दाखला आहे. १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या, तेव्हा वाटेत जयपूरला सवाई जयसिंगांनी त्यांचा मोठा आदरसत्कार केला. त्या बर्व्यांच्या माहेरवाशीण. हे आज आपल्याला माहीत आहे, ते कोणीतरी लिहून ठेवले म्हणून. आपल्या आया काही पेशव्यांच्या मातोश्री नाहीत. त्यांचे कोण लिहिणार? महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाच्या नावापुढे आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम आला आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्यातही आईचे पहिले नावच येते, माहेरचे आडनाव येत नाही. ते ठेवायचे तर आपले आपणच ठेवले पाहिजे.

येत्या जनगणनेत प्रगणक आपल्या दारी येईल. तो हिंदीत लिहील, घाईत लिहील. आपण उभे राहून आपले नाव नीट वाचून घ्यावे, 'ळ' चा आग्रह धरावा. राजस्थानी बोलीत 'ळ' आहेच, तेव्हा इथल्या माणसाला तो समजावणे अवघड नाही. हा आडमुठेपणा नव्हे. चुकलेली नोंद दुरुस्त करायला किती हेलपाटे घालावे लागतात, हे ज्याने एकदा केले आहे त्याला विचारावे.

आणि आपल्या स्मरणिकेपुरती एक विनंती. कार्यकारिणीने माझी सूचना मान्य करून या अंकाच्या शेवटी एक कोरा तक्ता छापला आहे. त्यात चार रकाने आहेत. आपले नाव, मूळ गाव, आईचे माहेरचे आडनाव आणि आजीचे माहेरचे आडनाव. प्रत्येक घराने तो देवनागरीत, सुवाच्य अक्षरात भरून अनंत चतुर्दशीपर्यंत मंडपातल्या पेटीत टाकावा. आजीचे आडनाव माहीत नसेल तर आजच गावी फोन करून विचारावे. सांगणारी माणसे आहेत तोवर विचारून घेणे बरे. पुढच्या वर्षी या सर्व नावांची यादी आपण छापू. मग सीतापुऱ्यातल्या मराठी मंडळींत कोणती आडनावे किती, याचा निदान एक तरी खरा आकडा आपल्यापाशी असेल. त्या यादीचे प्रूफही मी तपासून देईन.

त्या रविवारी परत फिरताना आई ब्रह्मपुरीच्या टोकाशी थांबली. वर डोंगरावर गढ गणेशाचे मंदिर दिसत होते. सवाई जयसिंगांच्या अश्वमेधाशी त्याची कथा जोडलेली आहे, आणि तिथला गणपती बालरूपातला, सोंड नसलेला. तीनशे पासष्ट पायऱ्या सांगतात. आईच्या गुडघ्यांना ते झेपणारे नव्हते. तिने खालूनच हात जोडले. मी विचारले, "काय मागितलंस?" म्हणाली, "मागायचं काय? बाबांचं नाव सांगितलं त्याला. पूर्ण. आडनावासकट."

माझ्या तक्त्यातला तिसरा रकाना मी भरून ठेवला आहे. महाशब्दे, देवास. आपला आपण भरावा.

गणपती बाप्पा मोरया!